पहिला चेंडू आणि पुढचे ४१९

३ ऑगस्ट १९९७. कोलंबोचं प्रेमदासा मैदान, कसोटीच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला होता. सिद्धू, अझरुद्दीन आणि कर्णधार तेंडुलकर, तिघांचीही शतकं झाली होती. तेंडुलकरने डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीकडे चेंडू दिला. वय २४, भरपूर उंची, डावखुरी फिरकी आणि कसोटीतला पहिलाच चेंडू. त्यावर मार्वन अटापट्टू यष्टीमागे नयन मोंगियाकडे झेल देऊन बाद झाला. पदार्पणातल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा कुलकर्णी हा पहिला भारतीय. श्रीलंका १ बाद ३९.

दुसरा गडी पडला तेव्हा फलकावर ६१५ धावा होत्या.

मधल्या काळात तिसरा दिवस गेला, चौथाही गेला, विकेट एकही नाही. जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागी केली. जयसूर्याच्या ३४०, महानामाच्या २२५, आणि डाव संपला ६ बाद ९५२ वर. कुलकर्णीने त्या डावात ७० षटकं टाकली. म्हणजे पहिला चेंडू आणि पुढचे ४१९. त्या ४१९ चेंडूंवर त्याला काहीच मिळालं नाही.

हा किस्सा सांगताना लोक हसतात. मला मात्र त्या दिवसांचं गोलंदाजीचं पान पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. अनिल कुंबळेने ७२ षटकांत २२३ धावा दिल्या, राजेश चौहानने ७८ षटकांत २७६, आणि कुलकर्णीने ७० षटकांत १९५. तिघांनाही बळी एकेकच. षटकामागे तीनपेक्षा कमी धावा देणारा त्या तिघांत एकटा हा नवखा पोरगाच. खेळपट्टी सिमेंटच्या ओट्यासारखी, समोर जयसूर्या, आणि कर्णधार पुन्हा पुन्हा याच्याही हातात चेंडू देतोय. पहिल्या चेंडूवरच्या बळीत नशिबाचा वाटा असतो. षटकाला पावणेतीनच्या दराने ७० षटकं टाकणं नशिबाने होत नाही.

कर्जतला बसून हे लिहिताना डोंबिवली दूर वाटत नाही. मध्य रेल्वेची एकच लाइन. मुंबईपासून डोंबिवली अठ्ठेचाळीसच्या आसपास किलोमीटरवर, कर्जत शंभराच्या. क्रिकेटच्या नकाशावर मात्र या दोन स्टेशनांच्या मध्ये सीमारेषा आहे. डोंबिवलीचा मुलगा मुंबईसाठी खेळतो. रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे, त्यामुळे कर्जत-खालापूरच्या मुलाला निवडीसाठी घाट चढायचा. लोकल रोज मुंबईकडे धावते, तो भाग वेगळा.

मुंबईकडून खेळण्याचा दुसरा अर्थ म्हणजे पद्माकर शिवलकरांच्या सावलीत उभं राहणं. शिवलकर हे डावखुऱ्या फिरकीतलं मुंबईचं सर्वांत मोठं नाव. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर १६ धावांत ८, आणि कसोटी एकही नाही, कारण भारतीय संघात त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. २०१७ मध्ये मंडळाने त्यांना जीवनगौरव दिला. ३ मार्च २०२५ ला ते गेले. कुलकर्णीला शिवलकरांना न मिळालेली टोपी मिळाली, पण जागा टिकली नाही. त्या दशकात कुंबळे ठरलेला होता. उरलेल्या एका खुर्चीसाठी वेंकटपती राजू, सुनील जोशी, मुरली कार्तिक अशी रांग. कुलकर्णीने मुंबईसाठी वर्षानुवर्षं गोलंदाजी केली, प्रथम श्रेणीत साडेतीनशेहून अधिक बळी जमवले. भारतासाठी १० एकदिवसीय सामन्यांत ११ बळी. कसोटी तीनच. शेवटची मार्च २००१ मध्ये, चेन्नईत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध; ती सगळी हरभजनच्या १५ बळींची. कुलकर्णीच्या नावावर कसोटीत एकूण २ बळी, सरासरी १६६. असा आकडा पाहून कुणालाही वाटेल की हा साधाच गोलंदाज असणार. त्या सरासरीतला मोठा हिस्सा एकट्या कोलंबोचा आहे, हे आकडा सांगत नाही.

कर्जतच्या फार्महाउसांवर आणि हॉटेलांत काम करणारी नेपाळी मुलं क्रिकेटवेडी असतात. त्यांच्याशी बोलताना फिरकीचा विषय निघाला की मला शक्ती गौचन आठवतो. हाही डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात चितगावला हाँगकाँगविरुद्ध त्याने ९ धावांत ३ बळी घेतले आणि नेपाळ ८० धावांनी जिंकला. पंधराएक वर्षं देशासाठी खेळून तो २०१८ मध्ये थांबला. नेपाळचा पहिला अधिकृत एकदिवसीय सामना झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच्याशिवाय. शिवलकरांना संघ होता पण जागा नव्हती. गौचनला जागा होती पण देशाला एकदिवसीय दर्जाच नव्हता. कुलकर्णीला दोन्ही मिळालं आणि वाट्याला आली ती प्रेमदासाची खेळपट्टी. निवड करायला सांगितली तर कोण कुणाशी अदलाबदल करील, कुणास ठाऊक.

आमच्याकडे भात कापून झालं की खाचरं मैदानं होतात आणि टेनिस बॉलचे सामने मेपर्यंत चालतात. चार-सहा षटकांचा डाव, बक्षिसाला चषक, कधी बोकड. त्यात फिरकीला कुणी विचारत नाही; टेनिस बॉल ज्याला वळवता येतो त्यालाही कप्तान सांगतो, जोरात टाक. सीझन बॉल हाती यायला वेळ लागतो, आणि डावखुरी फिरकी शिकायला तर वर्षं जातात. कुलकर्णीने खेळ सोडल्यावर २०१० मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. खेळाभोवतीची माणसं घडवायचं काम त्याने हाती घेतलं. प्रश्नमंजूषेत मात्र त्याचं नाव अजून पहिल्या चेंडूसाठीच विचारलं जातं. ४१९ चेंडूंबद्दल प्रश्न कधी येत नाही.