वेळासचे राखणदार

समुद्र वाचवा, असे तरुणांस व्यासपीठावरून सांगून भागत नाही. त्यांच्या हाती काम द्यावे लागते, असे आम्हांस वाटते. नाना फडणविसांचे वेळास पाहा. तेथे रात्री समुद्रकासवाची मादी किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. ती अंडी पूर्वी माणसे पळवीत. उरलेली कोल्हीकुत्री उकरीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांस हाताशी धरले, आणि गावचे तरुणच राखणदार झाले. पहाटे माग काढावयाचा, अंडी अलगद उचलून कुंपणातील वाळूत तितक्याच खोल पुरावयाची. वाळूच्या उष्णतेवर नर की मादी हे ठरते. तेव्हा खोली चुकवून कसे चालेल? सुमारे ५० दिवसांनी पिले वर येतात. त्यांना पाण्याजवळ वाळूवर सोडतात. पुढे ती आपल्या पायांनी जातात.