जहाजावरील खलाशी : काम, कर्तव्ये आणि भरतीचा मार्ग

बारामती-इंदापूर रस्त्यावरील सणसर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि उसावर पोसलेले आहे. आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम या गावी असतो, हीच त्याची महाराष्ट्रभर असलेली ओळख होय. समुद्र सह्याद्रीपलीकडे. तेव्हा खलाशाच्या व्यवसायाशी या मुलखाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे आणि ज्यांच्या नावाने ते वसले त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली होती. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला जाण्यास निघाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

अलीकडे ‘जहाजावर नोकरी’ अशा जाहिराती खेडोपाडी पोहोचल्या आहेत. दहावी-बारावी झालेले तरुण त्याकडे आकर्षित होतात. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला अशा निमित्ताने हे तरुण प्रथम येतात ते मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतीत. खलाशाचे काम नेमके कोणते आणि त्या कामापर्यंत जाणारा सरळ मार्ग कोणता, याची माहिती या मंडळींपाशी असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जहाजावरील नोकरवर्ग स्थूलमानाने तीन खात्यांत विभागलेला असतो : डेक, इंजिन आणि भटारखाना. डेकवरील कामगार तो खलाशी. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील कित्येक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय केला. या खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा तो सुकाणी आणि स्वयंपाक करणारा भंडारी, अशी त्यांची परंपरागत पदे होती. आजच्या व्यापारी जहाजांवर सारंगाला बोसन म्हणतात आणि खलाशांत ऑर्डिनरी सीमन व एबल सीमन अशा पायऱ्या असतात. नावे बदलली तरी हुकमाची उतरंड मात्र फारशी बदललेली नाही. मुख्य अधिकाऱ्याने सारंगाला काम नेमून द्यावे आणि सारंगाने ते माणसांत वाटावे, हीच रीत आजही आहे.

खलाशाचे पहिले कर्तव्य पहाऱ्याचे. जहाज रात्री थांबत नाही. म्हणून दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागलेले असतात. ज्याचा पहारा मध्यरात्री बारा ते चार, त्याचाच दुपारी बारा ते चार. पहाऱ्यावरील खलाशी टेहळणी करतो. समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ नजरेने आणि कानाने टेहळणी ठेवलीच पाहिजे. रडार आहे म्हणून माणसाचा डोळा अनावश्यक ठरत नाही. जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा दिवा असतो आणि उजव्या बाजूस हिरवा. समोर दोन्ही दिवे एकाच वेळी दिसले, तर ते जहाज थेट आपल्या रोखाने येत आहे, असे समजावयाचे. रंगांधळ्या उमेदवाराला डेकवर घेत नाहीत, ते याच कारणाने. प्रशिक्षणाचे शुल्क भरून झाल्यावर रंगांधळेपण उघडकीस आले, तर पैसा आणि वर्ष दोन्ही जातात. तेव्हा मान्यताप्राप्त वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी आधी करून घेणे श्रेयस्कर.

खुल्या समुद्रात सुकाणू यंत्राच्या हवाली असते. अरुंद वाटेत आणि बंदरात ते खलाशाच्या हाती येते. अधिकाऱ्याने ‘पोर्ट टेन’ असा हुकूम दिला, की सुकाणीने प्रथम तोच हुकूम मोठ्याने उच्चारावा, मग चक्र फिरवावे आणि सुकाणू दहा अंश डावीकडे वळल्यावर तसे पुन्हा सांगावे. बाहेरच्या माणसाला ही पोपटपंची वाटेल. परंतु एका जहाजावर चार भाषांची माणसे असतात, वाऱ्याचा आवाज असतो आणि चुकीच्या ऐकण्याची किंमत फार मोठी असते.

पहारा नसेल तेव्हा देखभालीची कामे असतात आणि नव्या खलाशाचा बहुतेक दिवस यातच जातो. खारे पाणी लोखंड सतत खात असते. गंज ठोकून काढणे, पृष्ठभाग खरवडणे, गंजरोधक रंग देणे, विंच व कप्प्यांना वंगण घालणे, दोरखंडांना गाठी व सांधे घालणे ही कामे कधीच संपत नाहीत. कोळसा उतरवल्यानंतर धान्य भरावयाचे असेल, तर मालाची प्रचंड तळघरे झाडून, धुऊन, वाळवून द्यावी लागतात. जाहिरातीतील पांढऱ्या गणवेशाचे चित्र पाहून निघालेल्या तरुणाने हे आधीच ऐकलेले बरे.

सर्वांत धोक्याची वेळ जहाज धक्क्याला लावण्याची. ताणलेला दोरखंड तुटला, तर तो चाबकासारखा मागे येतो आणि वाटेत येणाऱ्या माणसाचा प्राण घेऊ शकतो. दोरीच्या वेढ्यात पाय ठेवू नये, ताणाच्या रेषेत उभे राहू नये, हे पहिल्या दिवशी शिकवले जाते. दुसरा धोका बंद टाक्यांचा. टाकीतील लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. वरून ती टाकी निर्धोक दिसते. आत उतरलेला माणूस मात्र काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवण्यासाठी घाईने उतरलेला दुसराही. जुन्या विहिरी, गोबरगॅसचे खड्डे आणि सांडपाण्याच्या टाक्या यांमुळे खेड्यांतही असेच बळी जातात. जहाजावर हवा मोजल्याशिवाय व लेखी परवानगीशिवाय अशा जागी उतरण्यास सक्त मनाई असते.

आग लागल्यास किंवा जहाज सोडावे लागल्यास कोणी कोठे उभे राहावयाचे आणि कोणते काम करावयाचे, याचा तक्ता जहाजावर लावलेला असतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्यातून किमान एकदा दोन्ही प्रकारच्या सरावांत भाग घ्यावा लागतो. या शिस्तीचे मोल इंदापूर तालुक्याने जवळून पाहिले आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. हवामान पाहून निघणे आणि अंगात जीवरक्षक जाकीट असणे या गोष्टी जलाशयावरही तितक्याच लागू आहेत.

कर्तव्यांबरोबर हक्कही आहेत. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावयास हवी. लेखी करारनामा, वेतनाचा भाग घरी पाठवण्याची सोय आणि कराराच्या अखेरीस मालकाच्या खर्चाने घरी परत येणे, हेही हक्क त्यात अंतर्भूत आहेत. भरती करून दिल्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास त्यात मनाई आहे. पारपत्र, खलाशाची नोंदवही आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा उमेदवाराने करावयाचा असतो.

फसवणूक होते ती नेमकी येथे. नोकरीची ‘हमी’ देऊन लाखांच्या रकमा घेणारे, बनावट प्रमाणपत्रे हाती देणारे आणि पर्यटकाच्या व्हिसावर मुलांना परदेशी बंदरात नेऊन सोडणारे दलाल आढळले आहेत. जमीन गहाण टाकून दिलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजावर पगाराविना अडकून पडलेल्या मुलाची सुटका होण्यास कित्येक महिने लागू शकतात.

सरळ मार्ग असा आहे. दहावी उत्तीर्ण, इंग्रजीत किमान ४० टक्के गुण असलेल्या आणि वयाची अट पूर्ण करणाऱ्या उमेदवाराला मान्यताप्राप्त संस्थेत ‘जनरल पर्पज रेटिंग’ हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम करता येतो. गणित व विज्ञान हे विषय दहावीला असावे लागतात. अभ्यासक्रमानंतर अखेरची परीक्षा द्यावी लागते. खलाशाची नोंदवही शिपिंग मास्तरांच्या कार्यालयाकडून मिळते. प्रत्येक जहाजावरील सेवेची नोंद तीत होते आणि वरच्या पायरीसाठी हीच नोंद ग्राह्य धरली जाते. भरती करणाऱ्या कंपनीपाशी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. परवानाधारक कंपन्यांची आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. दाखल्यासाठी आलेल्या तरुणाच्या हातातील पत्रावर जो परवाना क्रमांक छापलेला असेल, तो त्या यादीशी पडताळून पाहण्याचे काम शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणकावर पाच-दहा मिनिटांत उरकते. पैसे देण्यापूर्वी ते करून घ्यावे.