अळूचं पान आणि डिझेलची वाटी

पावसाळी बंदीत रेडीच्या किनाऱ्यावर होडी झाकून ठेवली, तरी तिची डिझेलची टाकी गप्प बसत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या दमट हवेमुळे पत्र्याला घाम फुटतो आणि थेंब ओघळून तळाशी साचतात. नारळी पौर्णिमेनंतर होडी लाटांवर हेलकावली, की हेच पाणी डिझेलात घुसळून निघतं. इंजिन खोकू लागतं. "डिझेलात पाणी गेला मरे!" म्हणत तांडेल फिल्टरखालची पारदर्शक वाटी न्याहाळतो. तळाशी पाणी, वर पिवळसर डिझेल, मध्ये स्वच्छ रेघ. खालची चावी सैल केली की आधी पाणी बाहेर येतं.

हे काम निव्वळ गाळणीचं नव्हे. फिल्टरच्या कागदाला पाणी न धरणारा लेप असतो, अगदी अळूच्या पानासारखा. डिझेल त्यातून मुरत जातं. पाण्याचा थेंब बाहेरच घरंगळतो. पंचाईत होते ती बारीक थेंबांची. 10 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी लहान थेंब डिझेलात तासाला जेमतेम सेंटीमीटरभर खाली सरकतो. व्यास दहापट झाला तर वेग शंभरपट होतो, तोच थेंब तासाला मीटरभर उतरतो. मग थेंब मोठे करायचे कसे? काचतंतूंच्या दाट थरातून डिझेल सोडायचं. थेंब तंतूला धरून बसतो, मागून आलेला त्यात मिसळतो, आणि जड झाला की सुटून खाली पडतो. रवीखाली लोण्याचे कण एकमेकांना धरतात, तसंच काहीसं.

रेडी बंदरात लोहखनिज भरायला येणाऱ्या जहाजांचा प्रश्न उलटा. इंजिनखोलीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचतं ते पाणी. त्यात तेलाचे थेंब. इथे तेलाला धरणारे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उपयोगी पडतात. मारपोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोठ्या जहाजाने हे पाणी समुद्रात सोडताना दहा लाख भागांत तेल 15 भागांहून जास्त असता कामा नये. हजार लिटरच्या टाकीत चहाचे तीन चमचे, इतकंच.

या सगळ्या यंत्रणेचा वैरी म्हणजे साबण. तो तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती कडं करतो, मग थेंब शेजाऱ्याला भेटतच नाहीत. पाणी दुधाळ होतं, तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र तिथेच असतं. म्हणून इंजिनखोली साबणाने लख्ख धुणाऱ्या नव्या खलाशाला शाबासकी मिळत नाही, चीफ इंजिनिअरच्या शिव्या मिळतात.