यकृतातले आरोपी

१९४९ साली टोरंटोत चार्ल्स बेस्ट (इन्सुलिनच्या शोधातले तेच) यांनी उंदरांवर प्रयोग करून सांगितले, की यकृताला दारू साखरेपेक्षा जास्त बाधत नाही. त्यांच्या मते खरी उणीव आहारातल्या कोलीन या पोषक घटकाची. दारुडा धड जेवत नाही म्हणून त्याचे यकृत जाते, हे मत मग बराच काळ टिकले.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांना ते पटले नाही. १९६८ मध्ये त्यांनी आणि लिओनोर डिकार्ली यांनी यकृतपेशीत दारू पचवणारी एक जादा यंत्रणा दाखवून दिली. रोज पिणाऱ्याच्या यकृतात ती वाढत जाते. दारू लवकर निपटते, पण त्याचबरोबर पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे घातक रेणूही जास्त तयार होतात. 'आपल्याला चढत नाही' या बढाईमागे थोडा हातभार या यंत्रणेचाही असतो! १९७४ मध्ये लीबर यांनी पोषक आहारावरच्या बबून माकडांना दारू दिली. त्यातल्या काहींना सिरॉसिस झाला, म्हणजे व्रण पडून यकृत कठीण झाले. या प्रयोगावर पुढे आक्षेप आले, पण उपासमारीचा सिद्धांत खिळखिळा झाला तो झालाच.

मात्र यकृत कठीण करणारा व्रण कोण विणतो? याची कथा जास्त गमतीची आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ कुप्फर यांना १८७६ मध्येच सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या यकृतात ताऱ्यासारख्या पेशी दिसल्या होत्या. पुढे त्यांनी स्वतःच या पेशींची गल्लत रक्तवाहिन्यांतल्या भक्षक पेशींशी केली. हा घोळ जपानच्या केंजिरो वाके यांनी सोडवला, तोही १९७१ मध्ये. या ताराकृती पेशी एरवी निमूटपणे 'अ' जीवनसत्त्व साठवतात. १९८५ मध्ये स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातून त्या वेगळ्या काढल्या आणि त्या कोलॅजेन बनवतात हे दाखवले. व्रणाचा धागा तोच.

कुप्फरांचे नाव मात्र भक्षक पेशींनाच चिकटले. त्याही निर्दोष नाहीत. दारूने आतड्याचे अस्तर सैल होते, जंतूंचे विष यकृतात पोहोचते आणि या पेशी दाह पेटवतात. १९९४ मध्ये रोनाल्ड थर्मन यांच्या गटाने उंदरांतल्या या पेशी निष्क्रिय केल्या, तेव्हा दारू चालू असूनही इजा बरीच कमी झाली.

एवढे कळूनही आजचा पहिला उपचार दारू सोडणे हाच आहे. 'चांगलं खाऊन प्यायलं की लिव्हरला काही होत नाही' असे कोणी सांगितले, तर तो १९४९ चे विज्ञान सांगतो आहे असे खुशाल समजावे.