किल्ली भिजते तेव्हा

आपल्याकडे किल्लीला कुणी नुसती वस्तू कधी मानलेच नाही. ती सत्तेची खूण होती. घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तो सुनेच्या हाती गेला की घरातले राज्य बदलले, हे कुणाला सांगावे लागत नसे. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली आणि घरोघरची कुलपे बदलत गेली. किल्ली मात्र तशीच राहिली. लोखंडाची नाहीतर पितळेची, मुकी आणि सोशिक. विहिरीत पडली तर गळ टाकून काढावी, पदराला पुसावी आणि कुलपाला लावावी. पाण्याने किल्ली बिघडते, असे आमच्या आजीला सांगितले असते तर तिने आम्हालाच वेड्यात काढले असते.

मोटारीच्या किल्लीने मात्र ही गोष्ट खरी करून दाखवली. ती विजार धुवायला टाकताना खिशात राहते, दिवेआगरच्या समुद्रात आपल्याबरोबर डुंबून येते, नाहीतर आषाढातल्या पावसात ओल्या पिशवीच्या तळाशी तासभर पडून राहते. मग बटण दाबावे तर गाडी ढिम्म!

आमच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहतात. एका जुलैत संध्याकाळी त्यांची किल्ली पाण्याच्या बादलीत पडली. त्यांनी ती पुसून खुंटीला अडकवली. त्याच रात्री दोनच्या सुमारास वहिनींच्या छातीत कळा येऊ लागल्या. मास्तर भर पावसात गाडीपाशी उभे राहून बटण दाबत होते आणि गाडी ओळख दाखवत नव्हती. दुसरी किल्ली मुलाकडे, पुण्याला. मी छत्री घेऊन रिक्षा शोधायला निघालो, तेवढ्यात आमचा वॉचमन पुढे आला. त्याने पूर्वी ड्रायव्हरकी केलेली. "काका, बटण राहू द्या," म्हणत त्याने किल्ली सरळ दाराच्या कुलपात घालून फिरवली. दार उघडले आणि भोंगा असा काही ठणाणा करू लागला की सगळी इमारत जागी झाली. त्याने शांतपणे किल्ली स्टिअरिंगजवळ लावली. भोंगा थांबला, गाडी सुरू झाली. वहिनी वेळेवर पोचल्या आणि आज त्या ठणठणीत आहेत.

त्या रात्री वॉचमनला जे ठाऊक होते, ते गाडी असलेल्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

बँकेत असताना तिजोरी कधी एका माणसाला उघडता येत नसे. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. मोटारीच्या किल्लीतही असाच दुहेरी ताबा असतो. लोखंडी पाते कुलूप फिरवते, आणि मुठीत दडलेली एक बारीकशी चिप गाडीला आपली ओळख पटवते. ही ओळख पटली नाही तर पाते फिरूनही इंजिन सुरू होत नाही. या चिपला सेल लागत नाही. किल्ली लावतो त्या जागेभोवती तारेचे वेटोळे असते, त्याच्याकडूनच तिला क्षणापुरती वीज मिळते. ती बहुधा काचेत किंवा राळेसारख्या पदार्थात बंद असल्यामुळे साध्या भिजण्याला दाद देत नाही. पाण्याने रुसते ते लांबून दार उघडणारे बटण, म्हणजे रिमोट. ती केवळ सोय आहे.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांच्या किल्लीतही एक छोटे पाते लपवलेले असते. त्याने दार उघडावे. अशा बऱ्याच गाड्या सेल संपलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली की सुरू होतात. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका एकदा तरी वाचावी.

आता भिजलेल्या रिमोटविषयी. पाण्यापेक्षा त्याचा खरा शत्रू म्हणजे आतला सेल. पाण्यातल्या क्षारांमधून वीज वाहू लागते आणि सर्किटवरचे तांबे झिजून हिरवा गंज चढतो. म्हणून 'चालते का बघू' म्हणत बटणे दाबत बसू नये. कडेच्या खाचेत नाणे घालून कवच उघडावे आणि आधी सेल काढावा. समुद्राचे किंवा साबणाचे पाणी शिरले असेल तर सर्किट शुद्ध पाण्याने, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, हलकेच धुवावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशने पुसावे आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस ठेवावे. तांदळाच्या डब्यात पुरू नये. त्याचा उपयोग थोडा, आणि भुकटी आत शिरते ती वेगळीच. हेअर ड्रायरचा गरम झोत किंवा तवा यांच्या वाटेला जाऊ नये.

नंतर नवा सेल घालावा. अनेक किल्ल्यांत २०३२ क्रमांकाचा असतो, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि तीन व्होल्टचा. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. नातवंडाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

एवढे करूनही रिमोट बोलला नाही, तर सर्व्हिस सेंटरला जाऊन नवी किल्ली गाडीला 'शिकवून' घ्यावी लागते. गाडीची कागदपत्रे आणि आपले ओळखपत्र बरोबर न्यावे. एक किल्ली चालू असेल तर काम सोपे होते, दोन्ही गेल्या तर खर्च बराच वाढतो. किल्ली बदलण्याचा खर्च देणारे जोड संरक्षण काही विमा पॉलिसींत मिळते. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी पाहून घ्यावे.

शेवटी दुसऱ्या किल्लीविषयी. माझ्या काळी शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा संच मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवला जाई, आणि ठराविक काळाने दोन्ही संचांची अदलाबदल होई. पडून राहिलेली किल्ली ऐन वेळी दगा देते, एवढे शहाणपण त्या नियमात होते. मास्तरांनी पुण्याहून ती किल्ली परत आणवली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिने गाडी उघडतात, सुरू करतात, आणि वहिनींना शेजारी बसवून भाजी आणायला जातात. भाजी मंडईत चालतही जाऊन आणता येते, असे वहिनी म्हणतात. पण येतात.