रेघ उंच की खोल?

लक्ष्मीपूजनाच्या ताटातला चांदीचा रुपया आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. वर्षभर कपाटातल्या डबीत पडून राहायचे आणि आश्विनातल्या अमावास्येला चिंचेने अंग घासून घेऊन पाटावर मिरवायचे, एवढाच त्याचा संसार! अशाच एका रुपयाने गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या माईंची झोप उडवली.

माईंचा रुपया १९१८ सालचा, पंचम जॉर्जच्या छापाचा. राजेसाहेबांच्या गालावर एक आडवी रेघ. मोबाईलवर त्याचे छायाचित्र पाहून कोणा गृहस्थाने कळवले, “ही टांकसाळीची चूक आहे. असे नाणे लाखांत एक! दोन लाख देतो. आधी नोंदणीचे अडीच हजार तेवढे पाठवा.” पेन्शनीवर घर चालवणाऱ्या माईंना लगेच नातीच्या कॉलेजची फी दिसू लागली. पण पैसे पाठवण्यापूर्वी त्या रुपया घेऊन आमच्याकडे आल्या. कारण आमच्या चिरंजीवांनी नुकताच एक डिजिटल सूक्ष्मदर्शक आणला होता.

हे यंत्र म्हणजे प्रयोगशाळेतले धूड नव्हे. छोट्या बॅटरीएवढी नळी, तिच्या टोकाशी भिंग आणि बारीक दिवे. तिची तार संगणकाला जोडली की रुपया पडद्यावर ताटाएवढा दिसतो. खोक्यावर ‘हजारपट’ असे लिहिलेले असले तरी नाण्याला वीस ते पन्नास पट पुरे. त्यापुढे रुपया दिसतच नाही, दिसतात नुसते खडबडीत डोंगर.

पण पाहायचे काय? त्यासाठी नाणे घडते कसे ते ठाऊक हवे. पोलादाच्या दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवून प्रचंड दाबाने छाप उठवतात. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. असंख्य दणके सोसून ठशाला तडा गेला, तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ही झाली टांकसाळीची चूक. उलट, बाहेर पडल्यावर नाण्याला सुरी-खिळा लागला, तर रेघ खोल जाते. क्वचित ठसा आणि चकती यांच्यामध्ये एखादा दोरा सापडूनही खोल रेघ पडते. पण तिच्या कडा मऊ असतात. ओरखड्याच्या कडेला मात्र नांगरलेल्या मातीसारखा धातू वर आलेला दिसतो.

उंच आणि खोल ओळखताना डोळा हमखास फसतो. चहूकडून उजेड असला की सावलीच पडत नाही. म्हणून यंत्राचे दिवे मंद करावेत, टेबलावरचा दिवा एका बाजूने तिरपा धरावा आणि रेघ उजेडाला आडवी ठेवावी. नाण्यावरची अक्षरे उंच आहेत हे आपल्याला माहीतच आहे. रेघेची काळी कड अक्षरांच्या सावलीच्या बाजूला आली तर रेघ उंच; विरुद्ध बाजूला आली तर खोल. इतकी सोपी परीक्षा!

माईंचा रुपया उलटा ठेवताच चिरंजीव ओरडले, “सापडली चूक!” खालच्या कमळाखाली एक इवलासा उंच ठिपका होता. पण ती चूक नव्हे, मुंबईच्या टांकसाळीची खूण! कलकत्त्याच्या रुपयावर असा ठिपका नसतो. तेव्हा चूक शोधण्याआधी बरोबर नाणे कसे असते, ते शिकावे.

खऱ्या चुका असतात, आणि मोठ्या गमतीच्या असतात. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका सेंटचा ठसाच दोनदा, किंचित फिरून उठला. त्या सेंटवरची अक्षरे आणि साल साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. आपल्याकडे १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरला चिमुकला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसू लागला. लोकांत गहजब झाला आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारून घ्यावा लागला. ही कारागिराची चूक. पण भिंगाखाली आजही ती पाहण्यासारखी आहे.

आता माईंची रेघ. दिवा डावीकडे धरला. अक्षरांची सावली उजवीकडे पडली; रेघेची काळी कड मात्र डावीकडे. कडेला धातू उसवलेला. म्हणजे साधा ओरखडा!

आम्ही ओशाळून गप्प बसलो. माई मात्र पडद्याकडे एकटक पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “अहो, हा तर सराफाचा ओरखडा! मामंजी आजारी होते तेव्हा सासूबाई हा रुपया मोडायला गेल्या होत्या. सराफाने चांदी पाहायला रेघ ओढली आणि त्यांच्या पोटात कालवले. लक्ष्मी परत घेऊन आल्या, आणि हातातल्या पाटल्या मोडल्या.”

अडीच हजार अर्थातच गेले नाहीत. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून कोणी फी, कमिशन किंवा कर मागत असेल तर फसू नका, असा इशारा बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच दिला आहे. वाचकहो, आपल्या घरीही असा रुपया असेल, तर विकत घेणाराच आधी पैसे मागतो तेव्हा भिंगाचीसुद्धा गरज नाही, एवढे लक्षात ठेवा.

यंदा माईंनी रुपयाला चिंच लावलेली नाही. घासल्याने छाप झिजतो आणि जाणकाराच्या लेखी नाण्याची किंमत उतरते, हे त्यांना आम्ही सांगितले होते. पण माईंचे कारण निराळे. “रेघ पुसट व्हायला नको,” त्या म्हणाल्या.