माजी सैनिकांच्या सेवेचं मोजमाप कुणी करायचं?

वॉशिंग्टन : व्हाइट हाउसच्या जवळच, व्हर्माँट अॅव्हेन्यूवर माजी सैनिकांच्या खात्याचं मुख्यालय आहे. ‘डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स’ हे त्याचं पूर्ण नाव, पण बोलताना सगळे ‘व्हीए’च म्हणतात. अमेरिकेत बहुतेकांचे उपचार खासगी डॉक्टर आणि खासगी विमा यांच्या भरवशावर चालतात. अशा देशात सरकारच्या मालकीची आणि पगारी डॉक्टरांनी चालवलेली सुमारे १७० रुग्णालयं माजी सैनिकांसाठी उभी आहेत. शिवाय हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रं आहेत. सुमारे ९० लाख माजी सैनिकांनी तिथे नाव नोंदवलं आहे. सेवेत झालेल्या इजा-आजारांचं अपंगत्व टक्क्यांत ठरवून दरमहा करमुक्त भत्ता देणं, हेही याच खात्याचं काम.

एवढा पसारा नीट चालला आहे का, हे ठरवणं सोपं नाही. त्याचा कडवट धडा २०१४ मध्ये फीनिक्सच्या रुग्णालयात मिळाला. मागणी आल्यापासून १४ दिवसांत रुग्णाला डॉक्टरची वेळ मिळाली पाहिजे, असं उद्दिष्ट खात्याने ठरवलं होतं. हेतू चांगला होता. पण अधिकाऱ्यांचे बोनस याच आकड्याला बांधले गेले. डॉक्टर अपुरे, रुग्ण वाढते. मग अनेकांची नावं अधिकृत यादीत चढवलीच गेली नाहीत, वेगळ्या याद्यांत पडून राहिली. कागदोपत्री सगळं वेळेवर चाललं होतं, माणसं मात्र ताटकळत होती. तिथल्याच एका डॉक्टरने याला वाचा फोडली. त्यानंतरच्या देशव्यापी तपासणीत ५७,००० हून अधिक नवे रुग्ण पहिल्या भेटीसाठी ९० दिवस किंवा त्याहून जास्त थांबलेले आढळले. व्हिएतनामच्या युद्धात स्वतः जायबंदी झालेले मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला.

या धक्क्यातून संसदेने खासगी रुग्णालयांची वाट मोकळी केली. २०१८ च्या ‘मिशन’ कायद्याने ती आणखी रुंद झाली. साध्या उपचारांसाठी सरासरी अर्ध्या तासाहून जास्त गाडी चालवावी लागत असेल किंवा २० दिवसांत वेळ मिळत नसेल, तर सरकारी खर्चाने बाहेर उपचार घेता येतात. खासगी म्हणजे चांगलं, हे यात जवळजवळ गृहीतच होतं.

ते तपासून पाहिलं डेव्हिड चॅन, डेव्हिड कार्ड आणि लॉवेल टेलर या अभ्यासकांनी. त्यांनी रुग्णवाहिकांच्या नोंदी घेतल्या. पासष्टीपुढच्या ज्या माजी सैनिकांना व्हीएबरोबरच ज्येष्ठांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअरही, लागू आहे, त्यांना आणीबाणीत कुठल्याही रुग्णालयात नेता येतं. कोणती रुग्णवाहिका दारात येईल हा बराचसा योगायोग असतो, आणि काही रुग्णवाहिकांचा ओढा व्हीएकडे, तर काहींचा इतरत्र. त्यामुळे सारख्याच प्रकृतीच्या रुग्णांची तुलना शक्य झाली. व्हीएमध्ये पोचलेल्यांचा २८ दिवसांत मृत्यू होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी निघाला, आणि खर्चही कमी. ज्या खात्याची देशभर नाचक्की झाली, त्याच खात्याचे डॉक्टर जास्त जीव वाचवत होते. प्रतीक्षायादीच्या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

बेघरांच्या बाबतीतही मोजणी थेट माणसाची होते. दर जानेवारीत एका रात्री रस्त्यांवर आणि निवाऱ्यांत फिरून बेघर मोजले जातात. २०१० मध्ये त्यांत सुमारे ७४,००० माजी सैनिक होते. २०२४ मध्ये ३३,००० हून कमी. घरभाड्याची मदत आणि सोबत पाठपुरावा करणारा समाजसेवक, ही जोडी त्यामागचं एक मोठं कारण.

आत्महत्यांच्या आघाडीवर असं यश नाही. आजही वर्षाला सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आपला जीव देतात. म्हणूनच २०१५ च्या क्ले हंट कायद्याने मानसिक आरोग्याच्या योजनांचं मूल्यमापन दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून करून घेणं बंधनकारक केलं.

बाहेरची नजर का लागते, हे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनने दाखवलं. तिथल्या रुग्णालयात २०२० मध्ये नवी संगणकीय नोंदप्रणाली आली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ११,००० हून अधिक तपासण्या आणि उपचारांच्या सूचना अशा एका कप्प्यात जाऊन पडल्या, जो कुणी उघडतच नव्हतं. १४९ रुग्णांना त्यामुळे इजा पोचली. हे जाहीर केलं खात्याचा कारभार तपासणाऱ्या स्वतंत्र महानिरीक्षकांनी, २०२२ मध्ये. पुढच्या वर्षी प्रणालीचा विस्तार थांबवण्यात आला. ते महानिरीक्षक, मायकेल मिसाल, यांना जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इतर अनेक महानिरीक्षकांबरोबर पदावरून दूर केलं. माजी सैनिकांचं यात झालेलं नुकसान कुठल्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.

सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं फौजेत जातात, त्यांना ‘ईसीएचएस’ ही माजी सैनिकांची आरोग्ययोजना परिचयाची आहे. २००३ पासून तीही स्वतःचे दवाखाने आणि करारबद्ध खासगी रुग्णालयं अशा दोन पायांवर चालते. तिच्याबद्दल विचारायचे प्रश्नही हेच आहेत. रुग्ण बरा झाला का? औषध वेळेवर मिळालं का? आणि हे तपासणाऱ्याचं पद, ज्याला तो तपासतो त्याच्या मर्जीवर तर अवलंबून नाही ना? अमेरिकेला ही शिस्त उभी करायला अनेक वर्षं लागली, आणि आज ती टिकवण्यासाठी झगडावं लागतं आहे. आपण ती आधीच मागून घेतली पाहिजे.